उशीखालच्या गोळ्या

"आजी, खरं सांगा. गोळ्या जातात कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. तातडीच्या विभागात पंधरा दिवसांतली आजींची ही तिसरी खेप. जिन्यावरून पडून मणका मोडला, तेव्हा पहिल्यांदा गोळ्या मिळाल्या. मग त्या "नळाखाली भिजल्या". आज म्हणे "मोरीत सांडल्या". जन्मभर लोकांची झंपरं बिनचूक बेतली, पण थाप काही या बाईला बेतता येईना!

गोळ्या लेकाच्या पोटात जात होत्या. अफूच्या जातीचं औषध ते. एकदा चटक लागली की माणसाला धरूनच ठेवतं. आजींनी गोळ्या उशीखाली ठेवून पाहिल्या, पिठाच्या डब्यात पुरून पाहिल्या. पण चोर घरचाच, त्याला कुलूप काय करणार? तोच आता बाहेर बाकावर बसला होता. आईला दंडाला धरून त्यानंच आणलं होतं. सिस्टर तर म्हणालीसुद्धा, "नशीब काढलंत हो मावशी, किती करतो मुलगा!" आजींना तेव्हा धरणी दुभंगावी असं झालं.

"मीच खाते जास्तीच्या," आजी म्हणाल्या. "सोसवत नाही ना."

"खाल्ल्या असत्या तर लघवीत दिसल्या असत्या." डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. "यात औषधाचा अंशसुद्धा नाही. म्हणजे मोडका मणका घेऊन पंधरा दिवस तुम्ही नुसत्या सोसताय." त्यांनी आवाज खाली आणला. "मुलगा घेतो का? घेत असेल तर आत्ताच दाखल करून घेते त्याला. औषध असतं यावर. पोलीस नाही, बोभाटा नाही. फक्त हो म्हणा."

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? आजींच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. पण गल्लीत बदनामी होईल, लेकाची ठरत आलेली सोयरीक मोडेल, तो पुन्हा तोंड बघणार नाही. आईची माया आंधळी म्हणतात, ते काही उगाच नाही.

"विकते मी," आजी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी फाइल ओढली आणि लाल शाईनं दोन ओळी लिहिल्या.

"यापुढे कितीही कळा आल्या, तरी हे औषध इथे तुम्हाला कुणी देणार नाही. कळतंय ना, आजी?"

"कळतंय."

सिस्टरनं दार उघडून दिलं. या वेळी तिनं नजर वळवून घेतली. आजी भिंत धरून बाहेर आल्या. पाऊल टाकलं की पाठीतून सणक थेट डोक्यात जात होती. तोंडातून हूं की चूं निघालं नाही. सोसायची सवय होती, दुसरं काय!

लेक ताडकन उठला. आपल्याला धरायलाच उठला, असं वाटून आजींना क्षणभर बरं वाटलं.

"मिळाल्या?"

"नाही रे."

त्यानं आईचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि सोडून दिले.

"तुला साधं कण्हतासुद्धा येत नाही का गं?"