हिरवा दिवा

सोपानला गोळी घातल्याबद्दल सुभेदार शेडग्यांना कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही. गोळी झाडणं स्वसंरक्षणाच्या कायद्यात बसत असेल तरच हल्लीच्या बंदुकीचा दिवा हिरवा होतो आणि चाप मोकळा होतो. दिवा हिरवा झाला होता. प्रश्न मिटला.

तेरावं उरकल्यावर सोपानची आई, हौसाक्का, सुभेदारांच्या ओट्यावर येऊन बसली.

"भाऊ, त्यानं कोयता उगारला व्हता?"

"अंगावरच आला, आक्का."

"दारू पिला की माझ्यावर बी उगारायचा. मी हातातनं काढून घ्यायची अन् जेवायला वाढायची."

जुनी साधी बंदूक होती तेव्हा सुभेदारांनीही सोपानला असंच दटावून, दंडाला धरून घरी पोचवलं होतं.

"भांडाय नाही आले. जिवाची भीती वाटली तर मारावं, म्हणतो कायदा. खरं सांगा, माझ्या पोराची भीती वाटली तुम्हाला?"

सुभेदारांना आठवेना. त्या संध्याकाळी त्यांनी सोपानच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. दिवा कधी हिरवा होतोय, तेवढंच ते बघत होते.