मागच्या सीटवरचं थोपटणं

गाडी जुनी घेतली, पण नशिबाने चांगली निघाली. पेट्रोल बेताचं प्यायची, आणि मागची सीट अशी ऐसपैस की नवरा म्हणाला, "आपला पलंगसुद्धा इतका मऊ नाही."

घरी तासभर मांडीवर घेऊनही न झोपणारी त्यांची तीन वर्षांची चिऊ त्या सीटवर टेकली की पेंगायला लागायची. आईला आधी हायसं वाटलं. मग एका दुपारी गाडी चालवताना तिला मागून आवाज आला. कोणीतरी हलक्या हाताने पाठीवर थोपटावं तसा, सावकाश, एका लयीत. आरशात चिऊ एकटीच होती, गाढ झोपलेली.

पुढच्या वेळी तो आवाज आला तेव्हा भीतीपेक्षा जास्त तिला सलत होतं ते वेगळंच. तिच्या हाताखाली पोर अशी कधीच झोपली नव्हती.

रविवारी नवऱ्याला गाडी चालवायला देऊन ती हट्टाने मागे बसली. चिऊला कुशीत घेऊन थोपटू लागली. चिऊने पेंगुळल्या डोळ्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"तू नको, आई. तिला करू दे."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पोरीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि बोटं घट्ट गुंफून धरली. तिच्या हातांच्या मधोमध, चिऊच्या पाठीवर, थाप पडतच राहिली. चिऊची मान खांद्यावर कलंडली.

नवऱ्याने समोरच्या आरशात पाहिलं आणि समाधानाने हसला.

"बघ," तो म्हणाला, "तू किती छान थोपटतेस."