मालूची खुर्ची

या, असे जवळ सरकून बसा. टाळ पिशवीत गेले, बुक्का लावून झाला, प्रसादाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक आख्यान सांगतो. साधंच आहे, फक्त मध्येच उठू नका.

वर्तकनगरातल्या एका वाचनालयात रविवारी दुपारी दोन कादंबरीकार आले होते. फळ्यावर खडूनं विषय लिहिला होता : ‘आम्ही कुणासाठी लिहितो?’

एक दामाजी नाखवा. ऐंशीच्या घरातले, खाडीकाठच्या कोळ्यांवर जन्मभर लिहिलेले. दुसऱ्या समिधा भोईर, पन्नाशीच्या, आंबिवलीहून शीळफाट्याच्या कोंडीत अर्धा जीव ठेवून आलेल्या. दोघंही दमलेले दिसत होते.

“तुमची ओळख असेलच,” वाचनालयाचा कमलेश म्हणाला.

“यांची एक कादंबरी वाचलीय,” समिधाबाई म्हणाल्या. “एकच.”

“मी यांच्या सगळ्या वाचल्यात,” दामाजी म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर दामाजींनी येताच एक सोनचाफ्याचं फूल ठेवलं होतं. तिथं कुणाला बसू देईनात. रामकथेला मारुतीरायासाठी पाट मोकळा ठेवतात, तसं काहीतरी असेल, असं कमलेशला वाटलं.

“सर, मारुतीरायासाठी का?”

“मारुतीराया न बोलावता येतो रे. ही मालूसाठी.”

मागून सीताराम नावाचे एक पेन्शनर ओरडले, “घ्या! वाचक मिळेना आणि म्हणे खुर्ची राखीव!”

वीसेक माणसं होती, ती हसली. दामाजीही हसले.

कमलेश डावीकडून प्रश्न विचारायला लागला, तर दामाजींना ऐकूच येईना. समिधाबाई उठल्या, आपली खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला नेली. “तिकडे पंखा लागत नाही,” म्हणाल्या.

पहिला प्रश्न समिधाबाईंनाच होता. कादंबरी कशी सुचली?

“माझ्या नायिकेचं लग्नात नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. ती ते तांदूळ परत डब्यात ओतते आणि रात्री त्यांचाच भात करून सगळ्यांना वाढते.”

“बाप रे! हे सुचलं कुठून?”

“कुठल्याही सुनेला विचारा. सगळ्यांनाच सुचतं, शिजवत कुणी नाही.”

बायका खळखळून हसल्या.

“आणि लिहिता कुणासाठी?”

“ज्या माणसाला एक गोष्ट तोंडावर सांगता आली नाही, त्याच्यासाठी.” मग त्या पाणी प्यायल्या.

दामाजींची पाळी आली.

“मला काही सुचलंबिचलं नाही,” ते म्हणाले. “मालू माझी लेक. तिचं एका मुलावर मन होतं. होडीत जाळं सोडवता सोडवता मला विश्वासानं बोलली. मी ते पुस्तकात घातलं. नावं बदलली, पण कोळीवाड्याला कळायचं ते कळलं. मुलाच्या घरच्यांनी त्याला गावाला धाडला. मालूचं घाईघाईत दुसरीकडे लग्न लावलं आम्ही. मला पुरस्कार मिळाला. तिनं पुन्हा माझा उंबरा ओलांडला नाही की माझं पुस्तक उघडलं नाही. आणि मी मात्र त्यानंतरची प्रत्येक ओळ तिनं वाचावी म्हणून लिहिली.”



तेवढ्यात दार करकरलं. एक म्हातारी घाम पुसत आत आली आणि थेट फुलाच्या खुर्चीकडे निघाली. कमलेश धावला.

“मालूताई?”

“कोण मालू? मी हौसाबाई. पंख्याखाली बसू दे रे मला.”

“बसा, आई. पण बाजूच्या खुर्चीवर,” दामाजी म्हणाले.

सीतारामांचा आवाज आता उतरला होता. “नाखवा, नव्या पुस्तकाचं शेवटचं पान तरी वाचा. उगाच बोललो मघाशी.”

“ती बसली की वाचीन.”

“आणि नाही आली तर?”

“तर परत घेऊन जाईन. डोळे चाललेत माझे. यापुढे पुस्तक नाही.”

समिधाबाई इतका वेळ माईकच्या वायरशी चाळा करत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “सर, तुम्ही तिची माफी मागितलीत कधी?”

“कादंबऱ्या लिहिल्या, बाई.”

“कादंबरीत माफी मागायला काय जातं? तिथं समोरची काय बोलणार, तेही तुम्हीच लिहिणार.”

“खरं आहे.” दामाजींनी चष्मा काढला. “चुकलो मी. तिचं होतं ते, माझं नव्हतं. मी ते विचारल्याशिवाय घेतलं.”

“हे तिला सांगायचं.”

“सांगितलं.”

“दार उघडं ठेवा रे,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना दाराकडे वळल्या. बाहेर नुसतं ऊन होतं, आणि जिन्यात चपलांचा ढीग.

दामाजींनी मात्र दाराकडे एकदाही पाहिलं नाही. “तिला फार लांबून यायचं नाहीये,” एवढंच म्हणाले. मग पानं पिशवीत भरायला लागले.

समिधाबाईंनी माईक खाली ठेवला. पदर सावरत त्या व्यासपीठावरून उतरल्या, खुर्चीवरचं फूल उचललं आणि तिथं बसल्या.

“मॅडम,” कमलेश कुजबुजला, “ती खुर्ची मालूताईंची आहे.”

“माहीत आहे. तांदळात समिधा लिहिण्याआधी माझं तेच नाव होतं.” त्यांनी फूल केसांत खोवलं. “वाचा, बाबा. जरा मोठ्यानं. पंख्याचा आवाज होतोय.”

तर मंडळी, प्रसाद घेऊन निघा आता. एवढंच करा : पुढच्या लग्नात एखाद्या पोरीचं नवं नाव तांदळात उमटताना पाहिलंत, तर त्या तांदळाखाली गेलेल्या मालूची आठवण ठेवा.