चांदणीची किंमत

मुलांना बोलतं करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं समुपदेशक बाई स्वतःच सांगत. जबाब टिपणारी टायपिस्ट मनात म्हणे, एवढ्या मिरच्या चारल्या तर पोपटही बोलेल. “पाळणाघरातल्या मावशींनी तुला कपाटात कोंडलं ना?” बाईंनी पाचव्यांदा विचारलं. चारदा ‘नाही’ म्हणून दमलेल्या चिमुरडीने आता मान डोलावली. लगेच तिच्या हातावर चमचमती चांदणी चिकटली. “घ्या टाइप करून: मावशींनी मला कपाटात कोंडलं.” “हे वाक्य तुमचं. प्रश्नही घेऊ?” टायपिस्टने विचारलं. “प्रश्न घ्यायचे नसतात, फक्त उत्तरं! मुलं खोटं बोलत नाहीत.” या ओळीवर मावशी तुरुंगात जाणार होत्या. टायपिस्ट मुलीकडे वळली. “बाळा, या बाईंनीही तुला कपाटात कोंडलं ना?” मुलीने चांदण्यांच्या पाकिटाकडे पाहिलं आणि जोरात मान डोलावली. “आलं उत्तर, बाई. घेऊ टाइप करून?”