नऊशे बारा

"मोडलं तं मोडलं म्हणायचं, अन् पुन्हा एकपासून धरायचं. देवाले फसवायचं नाही." अनुश्रीच्या लहानपणी सोळा सोमवारांच्या व्रतात चौदाव्या सोमवारी आईनं चुकून मीठ खाल्लं, तेव्हा ती म्हणाली होती.

रायपूरच्या लॅबमध्ये अनुश्रीनं नव्या मटेरियलची केलेली बॅटरी नऊशे बाराव्या चार्जिंगला मेली. पीएचडीसाठी हजार हवे होते. तीन वर्षांत तिसऱ्यांदा हेच!

"हजार लिख दो दीदी, कौन गिनने बैठा है?" शेजारच्या टेबलावरचा विशाल म्हणाला.

तिनं पेन उचललं. तेवढ्यात गावातच, तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून आईचा फोन.

"झाले काय वं हजार? तुह्या बॅटरीसाठी धरलेला आज सोळावा सोमवार. उद्यापन करू?"

अनुश्रीनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "नऊशे बाराच झाले, आई."

"बरं. मंग पुढच्या सोमवारी मी पुन्हा पहिला धरते."

विशालकडे न बघता अनुश्रीनं नवी बॅटरी लावली आणि वहीच्या कोऱ्या पानावर एक लिहिलं.