बारा ते दोन

सोमवारी मी नवऱ्याला इस्त्रीने मारलं. कॉलर चुरगळली म्हणून सकाळी त्याचं तोंड सुटलं होतं. रात्री तीच इस्त्री तापवून त्याच्या टाळक्यात घातली. बुधवारी सासूबाईंना जिन्यावरून ढकललं. पायरीच्या कोपऱ्यातल्या धुळीवरून त्यांनी तासभर ऐकवलं होतं, म्हणून कवटीही नेमकी त्याच कोपऱ्यावर फोडली.

पोलिसांना बोलावू नका. दिवसभर मी सगळ्यांची असते, रात्री बारा ते दोन तेवढी माझी. घर घोरायला लागलं की फ्रिजला पाठ टेकून मोबाईलवर टोपणनावाने खूनकथेचा रोजचा भाग लिहिते. डोळे चुरचुरतात, पण झोपले तर दिवसात माझं असं उरलं काय? शिवाय 'रातकिडा' नावाचा एक वाचक माझ्यासाठी जागा असतो. भाग टाकला रे टाकला की त्याचा निरोप येतो, "रक्त कमी पडलं."

काल जेवताना पाणी कोमट लागलं म्हणून सासऱ्यांनी भरलेला तांब्या भिरकावला. तो सासूबाईंच्या कपाळावर बसला. मी फरशीवरचं पाणी पुसून तांब्या पुन्हा भरून ठेवला.

सकाळी सासूबाई चहा गाळत होत्या. कपाळावर टेंगूळ, डोळे माझ्याइतकेच लाल. मागे कुणी नाही हे बघून त्या माझ्या कानाशी आल्या.



"माझा जिना झकास जमला होता गं. यांना मात्र तांब्यानेच मार, आणि एका घावात नको."