झाडाखालची सफरचंदं

शिकारीसाठी अस्वलांना आमिष घालण्यावर बंदी आणायचा ठराव आमच्या राज्यात मतदानात पडला. आपल्यापुरता हा निकाल लागलाच नाही, असं ल्युसील मावशीनं स्वयंपाकघरात जाहीर केलं. आज वनरक्षक पेल्की तिच्या अंगणात उगवला. “मावशी, झाडाखालची सफरचंदं उचला. फाटक्या कानाची अस्वलीण रोज खाऊन जाते. अस्वलाला खायला घालणं गुन्हा आहे.” “आणि कुंपणापलीकडे थिबोडोनं पिंपभर शिळे डोनट ठेवलेत, ते काय शोभेला?” “तो शिकारी आहे. मारण्यासाठी घालतो, ते कायद्यात बसतं.” “अरे मेल्या, इथं पोट भरलं नाही तर ती सरळ त्याच्या बंदुकीपुढे जाईल!” पेल्कीनं टोपी सारखी केली. मावशी दातओठ खात माझ्याकडे वळली. “लिही रे अर्ज! सदर अस्वल ठार मारण्याच्या हेतूनेच सफरचंदे घालण्याचा परवाना मिळावा. आणि प्रत्यक्ष मारण्यासाठी ते म्हातारपणाने मरेपर्यंत मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती.”